मुलुंडहून मनोरीला, चाच्यांच्या चौकशीसाठी

डिसेंबर १९८६ मधला पहिला रविवार. वेळ सकाळी सव्वासात. हजर माणसे तीन: मी, माझी पत्नी सुमन आणि तिचा धाकटा भाऊ बाळा. जवळ रक्कम रुपये एकशे चाळीस, पैकी वीस सुट्टे. शिवाय अर्धा किलो पेढे, पाण्याची एक बाटली आणि कात्रणांची एक फाइल. निघालो मुलुंड पूर्वेहून, जायचे होते मनोरीला.

मुलुंड ते मनोरी हा प्रवासवर्णन लिहिण्याजोगा प्रवास नाही, हे मला मान्य आहे. लोक बद्रीनाथला जाऊन येतात आणि दोन पानांत आटपतात. पण आमचे काम वेगळे होते. आम्ही समुद्रावरच्या चाच्यांची चौकशी करायला चाललो होतो, आणि संध्याकाळच्या आत हो की नाही ते सांगायचे होते.

त्याचे असे झाले. माझी मुलगी कल्पना एका औषधांच्या कंपनीत टायपिस्ट आहे. तिला मनोरीचे एक स्थळ सांगून आले. मुलगा सुहास, आमच्याच भंडारी समाजातला, निर्व्यसनी, बोटीवर नोकरीला. पंधरा दिवसांपूर्वी तो आई-वडिलांसह आमच्याकडे येऊन पोहे खाऊन गेला. दोघांनी एकमेकांना पसंत केले. आता मुलीकडच्यांनी मुलाचे घर बघायला जायचे, एवढी रीत राहिली होती. येत्या गुरुवारी सुहास पुन्हा बोटीवर चढणार होता, तो नऊ महिन्यांसाठी. म्हणून घाई.

माझी अडचण त्या बोटीची होती. ती माल नेणारी बोट नव्हे. तिला क्रूझ म्हणतात. श्रीमंत परदेशी लोक तिच्यावर नुसती हवा खायला बसतात, समुद्रात फिरतात आणि जिथून निघाले तिथेच परत उतरतात, आणि एवढ्यासाठी पैसे मोजतात. म्हणजे बोटीवर माल काही नाही, सगळी श्रीमंत माणसेच. मी भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. कुलूप कुठे दणकट लावायचे, हे माल बघून ठरते, एवढे मला कळते. त्यातच आदल्या वर्षी भूमध्य समुद्रात बंदूकवाल्यांनी एक प्रवासी बोट आख्खी ताब्यात घेतल्याची बातमी वाचली होती. स्थळ आले तेव्हा मी रद्दी उपसली. बोटींवरच्या हल्ल्यांची चौदा कात्रणे निघाली. अकरा मालवाहू बोटी, दोन मच्छीमार, एक प्रवासी बोट. चौदात एक.

हा हिशोब मी कल्पनाला दाखवला. ती म्हणाली, "बाबा, ज्यांच्यावर हल्ला झाला त्या चौदा. ज्या बोटींना काहीच झालं नाही त्यांची बातमी कोण छापतं?"

मी तिला पाणी आणायला सांगितले.

निघताना मात्र ती दारात आली तेव्हा थट्टेत नव्हती. म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी भांडणार नाही. पण पुन्हा कुणासमोर पोह्यांची बशी घेऊन यायचीही नाही. मला एवढंच सांगायचं होतं."

जिना उतरताना सुमन माझ्याशी बोलली नाही.

मुलुंडहून अंधेरीला जाणारी बस पवईवरून जाते. सकाळच्या उन्हात तलाव छान दिसत होता. पाण्यावर धुके, काठाला बगळे, पलीकडे हिरव्या टेकड्या. या तलावात मगरी आहेत असे म्हणतात. मी बसमधली माणसे मोजली, एकतीस भरली. एकानेही खिडकी लावून घेतली नव्हती. मी तसे बोलून दाखवले.

बाळा म्हणाला, "भावोजी, मगर बसीत चढली तर कंडक्टर तिचांय तिकीट फाडतलो. तुमी घाबरा नको."

बाळाची ओळख करून द्यायला हवी. गिरणी सुटल्यापासून त्याचे घाटकोपरला स्टोव्ह दुरुस्तीचे दुकान आहे. जन्म लालबागचा, पण बोलतो मालवणी, आणि जितका उत्साहात येईल तितकी जास्त बोलतो. त्याला घरी ठेवून यावे असे माझे मत होते. परंतु मुलीच्या मामाशिवाय घर बघायला जात नाहीत.

अंधेरी स्टेशनबाहेर तीन बशा उसळ-पाव खाल्ला. उसळ तिखट होती, बाळाने रस्सा तीनदा मागून घेतला. अंधेरी ते मालाड गाडीत बसायला जागा मिळाली, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. मालाडहून मार्व्याची बस. वस्ती संपली तशी दोन्ही बाजूंना माड आणि खारफुटी लागली, वाऱ्याला खारट वास येऊ लागला, आणि सुमनने पहिल्यांदा तोंड उघडले. म्हणाली, "आपल्या गावासारखं वाटतंय हो." मी हो म्हटले. वाद घालण्याजोगे त्यात काही नव्हते.

मार्वे जेट्टीवर तर (खाडी ओलांडून नेणारी होडी) उभी होती. हिला आता मोटार बसवलेली आहे. भाडे माणशी बारा आणे. मी चढता चढता मोजले: माणसे त्रेचाळीस, सायकली दोन, कोंबड्यांची पाटी एक. जीव वाचवायची रबरी कडी दोन, पैकी एकावर तरवाला स्वतः बसला होता.

मी त्याला विचारले, "किती माणसांची परवानगी आहे?"

"बसतील तेवढ्यांची."

"आणि बुडाली तर?"

"ओहोटी हाय, साहेब. बुडायला पानी नको?"

माझ्या शेजारी पाटी घेऊन एक कोळीण बसली होती. वय साठीचे, नाकात भली मोठी नथ, अंगावर लुगडे घट्ट चापून नेसलेले. ती माझ्या फाइलकडे बघत होती. माहीतगार माणूस दिसले, म्हणून मी विचारून घेतले, "मावशी, इकडे समुद्रातून चोर-लुटारू येतात का हो?"

"येतात ना. दर रविवारी येतात."

मी फाइल उघडली. "कुठून?"

"बोरिवलीशी, अंधेरीशी, कुठूनशी. बंगले भाड्यान घेतात, दारू पितात, नि पन्नासची कोलबी दहाला मागतात. यापेक्षा मोठे लुटारू तुला कशाला पायजेत?"

तरीतले सगळे हसले. सुमनही हसली. मी फाइल मिटली.

मनोरीच्या बाजूला ओहोटीमुळे तर धक्क्याला लागेना. फळी टाकली. फळी संपली तिथे चिखल सुरू झाला. माझा उजवा पाय आत गेला आणि चप्पल तिथेच राहिली. बाळाने कोपरापर्यंत हात घालून ती बाहेर काढली. चप्पल तीच होती, पण रंग वेगळा झाला होता.

सुहासचे वडील दामोदर टांगा घेऊन न्यायला आले होते. उंच, पांढऱ्या केसांचे, डाव्या पायाने लंगडणारे. मुलुंडला ते खुर्चीत बसून होते, त्यामुळे लंगडणे लक्षात आले नव्हते. आयुष्यभर बोटींवर काम केलेला माणूस. मी मनात नोंद घेतली, आणि टांगा हलल्यावर सावधपणे विचारले, "पायाला हे बोटीवरच झालं का?"

"छे हो! सव्वीस वर्षं बोटीवर होतो, खरचटलंसुद्धा नाही. रिटायर झालो आणि चौथ्या दिवशी मालाडच्या बाजारात हातगाडीवाल्यानं घातली पायावर. दोन ठिकाणी मोडला."

बाळा माझ्या कानात म्हणाला, "लिवा. समुद्र शून्य, मालाड एक."

गाव सुरेख आहे. अरुंद रस्ता, दोन्हीकडे माड, मधूनच शहरातल्यांसाठी बांधलेले बंगले, पलीकडे लाटांचा आवाज. कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, ओळीने, तोंडात तोंड अडकवून. सुहासचे घर कौलारू, पुढे ओटा, अंगणात सात माड आणि एक विहीर. घर पाहून सुमनचा चेहरा खुलला. विहिरीचे पाणी गोडे आहे का, एवढे तिने विचारले. आहे म्हणाले. तिच्यापुरते लग्न तिथे ठरले.

जेवणाला तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचे सुके, कोलंबीचे कालवण आणि सोलकढी. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. एरवी दोन खातो. पण खाता खाता माझे काम चालू ठेवले. सुहास समोरच बसला होता. तो बोटीवरच्या शीतगृहाचा मेकॅनिक आहे, मटण, मासळी आणि आईस्क्रीम यांच्या थंड कोठ्या त्याच्या ताब्यात असतात.

"बोटीवर बंदुका किती?" मी विचारले.

"एकही नाही."

"मग चाचे आले तर?"

"आग विझवायचा पाइप असतो. वरून जोरात पाणी मारायचं."

"नुसतं पाणी?"

"पाण्याला जोर असतो, काका. चढणारा माणूस खाली जातो. आणि आमच्या बोटीची उंची ही अशी, चार मजली चाळीएवढी. ती थांबत पण नाही. पळत्या चाळीवर खालून दोरी टाकून चढून बघा."

"म्हणजे धोका नाहीच म्हणता?"

त्याने जरा विचार केला. नाही म्हणाला असता तर मी उठलोच असतो. तो म्हणाला, "आहे. मागं मालबोटीवर होतो तेव्हा सिंगापूरजवळ एकदा चढले होते. चार जण. दोरखंडाची दोन भेंडोळी आणि रंगाचे सहा डबे नेले."

"डबे भरलेले?"

"पाच भरलेले, एक अर्धा."

खरे बोलणारा मुलगा होता. अर्ध्या डब्याचीही बाब त्याने लपवली नव्हती. पण खरे हे होते की चाचे चढले होते. "या बोटीवर तसं होणार नाही याची खात्री काय?" मी विचारले. मग कंपनी काय देते, विमा किती, तार किती दिवसांत पोचते, असे करत मी तासभर विचारत राहिलो. सुहास उत्तरे देत राहिला. त्याची आई आमच्या पानांत वाढत राहिली. सुमन पदराआडून मला चिमटे काढत राहिली.

जेवणे आटोपून ओट्यावर आलो, तो तिथे आबा येऊन बसले होते. आबा म्हणजे दामोदरांचे वडील. वय शहाऐंशी. अंगात बंडी, हातात काठी, नजर अजून साफ. मी वाकून नमस्कार केला.

"मूळ कुठले तुम्ही?" आबांनी विचारले.

याचे वाचकांना नवल वाटेल, की हा प्रश्न पंधरा दिवस कुणी विचारला नव्हता. मध्यस्थाने टिपणात 'मूळ गाव: सिंधुदुर्ग जिल्हा' एवढेच लिहून दिले होते, आणि दोन्हीकडचे तेवढ्यावर खूश होते.

बाळाने छाती पुढे काढली. "मालवण!"

दामोदर पान लावत होते, ते थांबले. सुहासने आईकडे पाहिले. आबांनी काठी आडवी मांडीवर घेतली.

"मालवणवाले," आबा म्हणाले. "चाचे."

मी म्हटले, "कोण?"

"तुम्ही."

मग आबांनी सांगितले ते असे. त्यांच्या पणजोबांच्याही आधी या घरचे एक गलबत होते. भात, मीठ आणि नारळ भरून ते दक्षिणेला जात असे. एकदा मालवणच्या खडकांमागून तीन होड्या वल्हवत आल्या. त्यांनी गलबत लुटले. भात नेला, मीठ नेले, नारळ नेले, शीड नेले. चुलीवर तांदूळ रटरटत होता, ते पातेले तसेच उचलून नेले. आणि जाताना तांडेलाच्या (गलबताच्या मुख्य माणसाच्या) धाकट्या भावालाही वल्ही मारायला म्हणून घेऊन गेले. तो परत आला नाही.

"तेव्हापासून या घरातून नारळी पुनवेला दोन नारळ जातात," आबा म्हणाले. "एक दर्याला. दुसरा मालवणवाल्यांना. आमच्या बोटीला पुन्हा हात लावू नका म्हणून."

"म्हंजे हप्तोच!" बाळा म्हणाला.

"हप्ताच," आबा म्हणाले. "यंदाही दिला."

सुहासची आई म्हणाली, "आबा, अहो किती जुनं ते. आता कुठले मालवणवाले नि कुठलं काय."

"जुनं झालं तर मग नारळ का देता?"

मी सवयीने आकडा काढला. वर्षाला एक याप्रमाणे, अगदी कमी धरले तरी दीडशे नारळ. माझ्या गावाच्या नावाने, आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही.

आबा म्हणाले, "या घरात मालवणची सून आजवर आली नाही. आणायची असेल तर मालवणच्या माणसानं माझ्यासमोर सांगायचं. यापुढं या घरच्या बोटीवर आम्ही चढणार नाही. तसा शब्द द्या. नाहीतर पेढे परत घेऊन जा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सकाळी सव्वासातला चाच्यांपासून अभय मागायला निघालो होतो. दुपारी दीड वाजता तेच अभय माझ्याकडे मागितले जात होते.

मी म्हटले, "आबा, मी मालवणचा प्रतिनिधी नव्हे. माझे पणजोबा माडांवर चढून नारळ पाडायचे. ते होडीत बसल्याची माहिती नाही."

"नारळ पाडायचे की आमचे मोजून घ्यायचे?"

बाळाला राहवेना. "भावोजी, भितांत कसले? आबानू, होय, आमीच लुटलां! आमच्या गावात तेवां तशीच रीत होती. बोला, पुढे काय?"

"पातेलं कुठं आहे?" आबांनी विचारले.

बाळा गडबडला. "पातेलां... तां मोडीत गेलां आसतलां."

"तांब्याचं होतं."

"मग नक्कीच मोडीत."

सुमन माझ्या कानाशी आली. "द्या ना शब्द. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं. तुमच्या बापाचं काय जातंय?"

"बापाचंच तर जातंय. त्याला मी चोर ठरवू?"

"मग बसा इथंच फाइल कवटाळून. मी कल्पनाला काय सांगू, तुझ्या बाबांनी चाच्यांचं वकीलपत्र घेतलं नाही म्हणून लग्न मोडलं?"

खोटी पावती मी जन्मात फाडलेली नाही. जे माझ्या हातात नाही त्याची हमी कशी देणार? मी आबांना तेच म्हणालो. "आबा, रागावू नका. मालवणात हजारो माणसं. समुद्र एवढा मोठा. कोण कधी काय करील, मला काय ठाऊक? अशी खात्री कुणी माणूस देऊ शकतो का?"

सुहासची आई उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "मग आमच्या सुहासकडं तासभर कसली खात्री मागत होतात?"

ती आवाज चढवून बोलली नव्हती. तिच्या हातात सोड्यांनी (सोललेल्या सुक्या कोलंबीने) भरलेले सूप होते, आणि ती त्यातले काडी-कचरे वेचत होती.

मग ती सूप घेऊन ओट्यावर माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "सव्वीस वर्षं हे बोटीवर होते. तुम्हाला वाटतं मला भीती नव्हती? पत्र यायचं महिन्याला. एकदा तीन महिने आलं नाही. मी दुपारी तरीवर जायची, पोस्टमन उतरतो का बघायला. तो लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. मग घरी यायची नि मासळी साफ करायची. भीती वाटली म्हणून कामं थांबत नाहीत, दादा. तुमच्या मुलीलाही वाटेल. मी तिला एकटीला तरीवर पाठवणार नाही, तिच्याबरोबर जाईन. मला एवढाच शब्द देता येतो. पाहिजे तर घ्या."

माझ्या फाइलमध्ये बायकांचे एकही कात्रण नव्हते. बोटीवर काय होते एवढेच मी बघत आलो होतो. मला भीती सुहासची वाटत नव्हती. तरीवर उभी असलेली कल्पना मला दिसत होती. त्या चित्रात तिच्या शेजारी दुसरे कुणी असेल, हे मी धरलेच नव्हते.

मी आबांकडे वळलो. "मालवणचं मला सांगता येणार नाही. माझ्या घरापुरतं सांगतो. माझ्या घरातलं कुणी तुमच्या बोटीला कधी हात लावणार नाही. आणि मागं कुणी लावला असेल, तर ते वाईट झालं."

आबांनी काठी मांडीवरून काढून बाजूला ठेवली. "एवढं कुणी म्हटलं नव्हतं अजून," ते म्हणाले. मग लगेच व्यवहाराला आले. "आता एक नारळ खाडीत सोडायचा. मालवणच्या हातानं. 'फिटलं' म्हणायचं, मोठ्यानं."

दामोदर अंगणातला नारळ आणायला उठले, तसे आबांनी त्यांना बसवले. "आपला नको. आपले त्यांनी पुष्कळ नेलेत."

तेव्हा मी गावातल्या दुकानात जाऊन नारळ विकत आणला. किंमत तीन रुपये. दुकानदार सव्वातीन सांगत होता.

परतीच्या तरीला चार वाजले. भरती लागली होती, चिखल पाण्याखाली गेला होता आणि खाडी आता चांगली रुंद दिसत होती. आम्हाला मार्व्यापर्यंत पोचवायला सुहास सोबत आला. आबांना मी शब्द दिला होता, पण माझा स्वतःचा होकार अजून कुणाला सांगितला नव्हता. घरी जाऊन कळवतो, एवढेच म्हणालो होतो.

खाडीच्या मध्यावर मी नारळ घेऊन उभा राहिलो. तरवाल्याने मोटार मंद केली.

"काय साहेब, नवस?"

"नाही. जुनं प्रकरण आहे."

"मोठ्यान सांगा हां," बाळा म्हणाला. "आबांका थयसून ऐकाक येऊक होया."

मी "फिटलं!" असे ओरडलो आणि नारळ सोडला. तरीतल्या माणसांनी, आपण कशाला पाया पडतोय हे न विचारता, हात जोडले. नारळ बुडून वर आला आणि भरतीबरोबर डुलत आत निघाला. मला एकदम हलके वाटले. दीडशे वर्षांचे खाते माझ्या हातून मिटले होते.

तेवढ्यात बाजूने एक लहान होडी आली. तीत एकच माणूस वल्हे मारत होता. त्याने नारळ पाहिला, होडी वळवली, वाकून नारळ उचलला, कानाशी धरून हलवून पाहिला, पायाशी फळीखाली ठेवला आणि पुन्हा वल्हे हातात घेतले.

"ओ! ओ!" मी ओरडलो. "तो नारळ आमचा आहे!"

त्याने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

बाळा बाकावर उभा राहिला. "चाचे! भावोजी, चाचे! लुटल्यानी!"

सुमन तोंडाला पदर लावून हसत होती. सकाळचा कोंबडीवाला रिकामी पाटी घेऊन परत चालला होता, तोही हसत होता. तरवाला हसत हसत विचारत होता, मागे लागायचे का, मोटारीपुढे ती होडी काय टिकणार. मी सुहासकडे पाहिले. तो हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. आता या माणसाची सगळी दिवसभराची मेहनत फुकट गेली, आता हा नाही म्हणणार, असे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिले होते.

होडी लांब गेली. माझ्या देखत, दिवसाढवळ्या, चढताना मोजलेल्या त्रेपन्न माणसांच्या साक्षीने समुद्रातली लूट झाली होती, आणि कुणाला काही झाले नव्हते. तर पुढे चाललीच होती. पाणी शांत होते.

"जाऊ दे," मी तरवाल्याला म्हणालो. मग सुहासला विचारले, "गुरुवारी निघायचं किती वाजता?"

"सकाळी दहाला घरून निघतो, काका."

"मी रजा टाकतो. कल्पनाला घेऊन येतो. पोचवायला."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. चप्पल अजून चिखलाच्या रंगाची होती, तिचा चिखल त्याच्या बोटांना लागला.

मुलुंडला पोचायला साडेसात झाले. कल्पना गॅलरीत उभी होती. किती वेळ उभी होती ते मी विचारले नाही. सुमनने खालूनच मान हलवली, होकाराची. कल्पना आत पळाली. वर जाऊन दार उघडले तेव्हा ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून, कारण नसताना, धुतलेली भांडी पुन्हा धूत होती. हातपाय धुऊन तिच्या शेजारी उभा राहिलो आणि ती देईल ती भांडी पुसून ठेवू लागलो. या घरात मी भांडी पुसल्याचे तिने पूर्वी पाहिले नव्हते. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुढचे ताट हातात दिले.

त्या दिवशी मालवणतर्फे शेवटी जे दिले गेले ते असे: नारळ एक, किंमत रुपये तीन. देणारा मी. घेणाऱ्याचे नाव समजले नाही. अंगात तांबडा गंजीफ्रॉक, होडी निळी, दिशा गोराईकडे.